भिंतीवरची दुसरी पळी

गल्लीची मापं घ्यायला माणसं आली, तेव्हा तांबटाने त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या यंत्राकडे बोट दाखवून पहिला प्रश्न विचारला, "ह्यात माणसं येतात का हो?"

तीन पायांवरचं यंत्र मांडणारी मुलगी हसली. "हलतं ते येत नाही, काका. भिंती येतात, भांडी येतात. तुम्ही हललात की पुसले जाता."

"आणि नाही हललो तर?"

"मग याल की."

झालं! ज्याला बायकोने जेवतानासुद्धा स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं, तो ऐरणीपुढे हातोडा मांडीवर घेऊन दगडासारखा बसला. नाकावर माशी बसली, तरी हूं की चूं नाही. समोरचा लोहार ओरडला, "अहो, आहात की गेलात?" तरी नाही. यंत्र दुकानभर नजर फिरवून थांबलं, तेव्हा कुठे तो गुडघे धरत उठला.

"आलो मी," तो बायकोला म्हणाला. "आता गल्ली राहो न राहो."

गल्ली राहिली, माणसं गेली. वारशाचा दर्जा मिळाला तसा ठोक्यांचा आवाज पर्यटकांच्या कानाला टोचू लागला आणि भट्टीचा धूर भिंतींना बाधू लागला. तांबटाला गावाबाहेर तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. तिथे ऐरण मांडायची सोय नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात तो गेला. मुलाला मात्र नोकरी लागली, तीही बापाच्याच दुकानात. येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की त्यांना चहूबाजूंनी त्या यंत्राने टिपलेली जुनी गल्ली दिसू लागते.

"मला ने की रे एकदा," आई म्हणायची. "ह्यांना बघायचंय."

"नेतो ना." आज गर्दी होती, उद्या चष्मे बिघडले, परवा साहेब येणार होते. पोरगा ताकाला तूर लागू देत नव्हता. शेवटी एका सकाळी तिने स्वतःच बस धरली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तिला समोर बघून त्याचं तोंड उतरलं. "आई, तू? सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर साहेब आले असते. घाल तो चष्मा."

त्याने चष्मा घातला आणि तिच्यापुढे दुकान उघडलं. उंबऱ्याची झिजलेली कड, भट्टीवरची काजळी, दोरीवर तिनेच वाळत टाकलेलं फडकं. सगळं जिथल्या तिथे. ऐरणही होती. ऐरणीपुढचा पाट रिकामा होता.

उठून आत गेले असतील, असं क्षणभर तिला वाटूनही गेलं. मग तिची नजर पाटामागच्या भिंतीवर गेली. खिळ्याला पळी टांगलेली होती. तिच्याच हातून पडून पोचा आलेली, म्हणून कधीच न विकलेली. आणि वीतभर पलीकडे तसाच खिळा, तशीच पळी, तोच पोचा. खाली रंगाचा तोच पोपडा, तोही दोनदा.

"अरे, ही पळी दोन ठिकाणी कशी?"

मुलगा तिच्या कानाशी वाकला. "बाबा मध्ये बसले होते ना, त्यांच्यामागची भिंत यंत्राला दिसलीच नाही. त्यांना काढल्यावर तिथे भोक राहिलं. मग शेजारचाच तुकडा उचलून डकवला."

"काढल्यावर?"

तो हातातला दुसरा चष्मा पुसू लागला. पलीकडे कुणीतरी म्हणालं, "किती खरं वाटतं, नाही?"

"कुणी काढलं?"

"लोक दचकायचे, आई. कुणीतरी मरून बसलंय असं वाटतं म्हणायचे. घरच्यांची हरकत आहे का, असं विचारलं होतं. मी तेव्हा नुकताच लागलो होतो..."

"तू काय म्हणालास?"

"हरकत नाही म्हणालो."

ती तशीच रिकाम्या पाटाकडे बघत राहिली. मागे रांग चुळबुळू लागली. "आजी, आवरा की! आम्हालाही बघायचंय."

मुलाने तिचा कोपर धरला. "आई, हल ना पुढे. मला बोलणी बसतील."

"ह्यांना हलू नका म्हणाले, हे हलले नाहीत," ती म्हणाली. "तू हलत राहा, बाळा. तुला टिकायचंय."

तिने चष्मा काढला आणि मुलाने पुढे केलेला हात ओलांडून मागच्या माणसाकडे दिला.