खिळ्यावरची किल्ली

मिस्त्रीनं नव्या स्विचची डबी दातात धरली, गॅरेजपुढं स्कूटर स्टँडवर ओढली आणि मान वर केली. खिळ्यावर किल्ली होती. गाडी मात्र नव्हती.

डबी तोंडातून पडली.

"जावईबापू घेऊन गेले," दारात शेंगा निवडत बसलेली बायको म्हणाली. "ऊन तापायच्या आत घाट चढतो म्हणाले. दुसरी किल्ली होती त्यांच्याकडं. गार हवा येतेय म्हणून खूश होते की."

"आणि पोरगी?"

"ती पण गेली."

"अगं, वायर आतच आहे."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वेगळं सांगायला नको होतं. एसीतल्या गॅसचं प्रेशर फार चढलं की हा एवढासा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो. स्विच बिघडलाय का बघायला मिस्त्री त्याच्या प्लगात तांबडी वायर अडकवायचा. मग कॉम्प्रेसर मोकाट. म्हणून गॅरेजात नेमच होता, वायर गाडीत तर किल्ली वायरच्या खिळ्यावर. वायर परत टांगल्याशिवाय किल्ली कुणाच्या बापाला मिळायची नाही. गाडीला दुसरीही किल्ली असते, हे काही त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

लेकीचा फोन नुसताच वाजत राहिला. जावयाचा लागेना. मिस्त्रीनं डबी उचलून खिशात कोंबली आणि स्कूटरला किक मारली.

जावई माणूस सोन्यासारखा, पण एक खोड वाईट. गाडी जरा कण्हली की बॉनेट उघडून आत तोंड घालायचं. आणि चढावर तापलेला गॅसचा पाइप नेमका तेव्हाच फुटला तर? मिस्त्रीला पुढचा विचार करवेना. त्यानं अ‍ॅक्सिलेटर आणखी पिळला.

तिसऱ्या वळणावर गाडी दिसली. बाजूला उभी. बॉनेट वर.

स्कूटर तशीच आडवी टाकून तो धावला.

जावई दगडावर बसला होता, तोंड फुगवून. धडधाकट.

"सांगा बाबा तुमच्या लेकीला. मस्त गार हवा येत होती, हिनं मधेच एसी बंद करून गाडी थांबवायला लावली. गाडी निवेपर्यंत मला बॉनेटला हातसुद्धा लावू दिला नाही. हिचा फोन गाडीत वाजत होता, तो घ्यायलाही उठू देईना."

लेक बॉनेटखाली वाकली होती. ओढणी कमरेला खोचलेली. तिनं प्लगातून तांबडी वायर अलगद ओढली आणि बापाला दाखवली.

"टक वाजत नव्हतं," ती म्हणाली. "कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा वाजतं ना, ते. चढ लागला तरी वाजेना."

मिस्त्री बघत राहिला. ही पोरगी लहानपणी गॅरेजच्या दारात स्टुलावर अभ्यासाला बसायची, गाड्यांकडं पाठ करून. त्यानंच तिला तसं बसवलेलं. जरा मान वळली की ओरडायचा, पुस्तकात बघ.

त्यानं खिशातली डबी काढली. स्वतः उघडली नाही. पुढं केली.

"हातानंच बसव. जोर लावू नकोस."

"माहितीय."

"मग मी काय करू?" जावई उठला.

"तुम्ही सावलीला बसा, जावईबापू."

स्विच बसला. गाडी चालू झाली. तिघंही कान देऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

टक.

लेकीनं वायर गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मिस्त्रीनं ती परत मागितली नाही.