स्टिकरखालचा रकाना

मित्रांनो, आधीच सांगतो, चूक माझी नव्हती. मी एक जुना, लॅमिनेट केलेला कागद आहे. निर्मळच्या नाक्यावर प्लासिडच्या झेरॉक्सच्या दुकानात मला सुतळीने खिळ्याला बांधलंय. मी पळून जाईन अशी त्याला भीती. खरं सांगू? माझाही तोच विचार होता.

जेनिफर टीचरांनी निवृत्त होताना निळ्या शाईत माझ्यावर दोन रकाने लिहिले. डावीकडे पत्राची किंवा भाषणाची सुरुवात करायची इंग्रजी वाक्यं: ‘लेट अस किक ऑफ’, ‘लेट अस गेट द बॉल रोलिंग’, ‘आय विल हिट द ग्राउंड रनिंग’. उजवीकडे मराठीत, कोणतं कुठे चालतं आणि कुठे मुळीच नाही. तेव्हा लोक हात पुसून मला धरत.

मग प्लासिडने ‘पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत’ असं स्टिकर आणलं. अख्ख्या दुकानात त्याला एकच जागा सापडली. माझा उजवा रकाना!

त्यानंतर काळूरामकाकांनी शोकपत्राची सुरुवात ‘लेट अस किक ऑफ’ने केली. पायाला प्लास्टर घातलेल्या दीपेशने रजेच्या अर्जात ‘आय विल हिट द ग्राउंड रनिंग’ लिहिलं. साहेबांनी रजा नाकारली. बोलणी कोणाला? मला! "कागदच भंगार आहे," म्हणे. स्टिकरला कोणी चकार शब्द बोललं नाही. तो फोटोसुद्धा पंचवीस मिनिटांनी निघायचा.

गेल्या महिन्यात भुईगावची जीना आली. वृद्धाश्रमात मदतनिसाची जागा होती आणि अर्जाचा शेवटचा दिवस. दोन ठिकाणांहून तिला आधीच नकार आला होता.

"अंकल, सुरुवात कशी करू?"

"तो कागद कशाला टांगलाय? पहिलं वाक्य उचल, सुटली तुझी गाडी."

तिने लिहिलं, ‘लेट अस किक ऑफ.’ मी जीव खाऊन फडफडलो. प्लासिडने पंखा कमी केला.

तेवढ्यात जेनिफर टीचर आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. त्यांनी चष्मा वर करून अर्ज वाचला.

"काय गं, म्हाताऱ्यांबरोबर फुटबॉल खेळायला जातेस?"

"टीचर, तुमच्याच कागदावर आहे!"

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. मग प्लासिडकडे.

"माझा दुसरा रकाना कुठाय रे?"

"आहे ना टीचर, खालीच आहे. सेफ आहे एकदम."

टीचरांनी नखाने स्टिकर खरवडून काढलं. खाली उजव्या रकान्याच्या तळाशी त्यांचीच ओळ होती: ‘स्वतःबद्दल लिहिताना यातलं एकही वाक्य वापरू नये. आपण काय केलं आहे, तिथून सुरुवात करावी.’

"तू काय केलंयस?"

"काही नाय टीचर. घरीच होते. चार वर्षं पपा अंथरुणात होते ना. भरवायचं, कूस बदलायची... शेवटपर्यंत."

दुकानातलं मशीनही गप्प झालं. त्यातला कागद संपला होता.

"हेच लिही," टीचर म्हणाल्या.

परवा जीना नेमणूकपत्राची झेरॉक्स काढायला आली. जाताना तिने ओढणीने मला पुसलं. किती वर्षांनी!

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, माझ्यावर प्लास्टिक आहे. पण कशावरही काही चिकटवण्याआधी खाली काय लिहिलंय ते एकदा वाचत जा. प्लासिडने काल नवं स्टिकर लावलं. या वेळी डाव्या रकान्यावर. कालपासून लोक येतात, वाक्य शोधतात, मला शिव्या घालतात आणि नाइलाजाने स्वतःचं स्वतः लिहितात.