बाईंच्या गाडीचा डॅशबोर्ड

रेझिनमध्ये बुडवलेली काडी वर उचलली की पहिली दहा मिनिटं थेंब सुटे सुटे पडतात. अकराव्या मिनिटाला थेंबाला शेपूट फुटतं. तेराव्याला तार धरते, आणि चौदाव्याच्या आसपास ती तार मध्येच तुटून काडीकडे आखडते. शेडमधलं तापमान अठ्ठावीस अंश, रेझिन तापवून घट्ट करणारं हार्डनर दीड टक्का. पाच रविवार मी हे मोजत होते आणि आकडा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त हलला नव्हता.

"ताई, तुम्ही त्या काडीकडे बघता तसं माझ्या आईनं माझ्याकडे बघितलं असतं ना, तर मी कधीच सुधारलो असतो," थर्ड म्हणाला.

थर्ड म्हणजे थर्ड गियर. माझ्या आईच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो शिकला. परीक्षेच्या दिवशी त्याने गाडी सरळ तिसऱ्या गियरमध्ये उचलली, ती आचके देत फाटकापर्यंत गेली आणि हे नाव त्याला कायमचं चिकटलं. आता त्याची स्वतःची शेड होती. फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, होड्यांचे तुटके कोपरे असं काय काय तो करायचा. गेले पाच महिने शेडच्या एका बाजूला आईची गाडी उभी होती आणि तो तिच्यासाठी डॅशबोर्ड करत होता. तिसऱ्यांदा.

गाडी सव्वीस वर्षांची. शिकणाऱ्यासाठी एक ब्रेक, शेजारी बसणाऱ्या आईसाठी दुसरा. हे मॉडेल कधीच बंद झालं होतं, सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे डॅशबोर्ड घडवूनच घ्यायला हवा होता. जुना तडकला होता हे खरंच. पण तो नऊ वर्षं तडकलेलाच होता.

सात महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. समोरचं स्वच्छ दिसतंय, कडेचं गेलंय. गेलेलं परत येणार नाही, पण थेंब नियमित घातले तर उरलेलं टिकेल. गाडी चालवायची नाही आणि शेजारी बसून शिकवायचीही नाही. आई "बघू" म्हणाली, पर्स उचलली, आणि त्यानंतर दोन महिने शिकवत राहिली. मग एका सकाळी तिच्या बाजूने एक सायकलवाला आला. शिकणाऱ्या मुलीला तो दिसला नाही आणि आईलाही दिसला नाही. त्याने स्वतःच सायकल सोडून उडी मारली म्हणून वाचला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. आई त्या दिवशी चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने थर्डला फोन केला, "गाडी घेऊन जा. डॅशबोर्ड तडकलाय."

तेव्हापासून नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होतं: डॅशबोर्ड झाला की सुरू करू. आणि तो होत आला की आईला हटकून काहीतरी सुचायचं. पहिल्या खेपेला कागदपत्रं ठेवायला खण हवा होता. दुसऱ्या खेपेला काट्यांवर ऊन पडतं म्हणून वर छज्जा हवा होता. थर्ड बिचारा पुन्हा फोम तासायचा, पुट्टी भरायचा, घासून घासून नमुना गुळगुळीत करायचा, त्यावरून नवा साचा काढायचा. तो काही बोलत नव्हता, कारण बाई. मी काही बोलत नव्हते, कारण आई. पण एक दिवस डॅशबोर्ड पुरा होईल आणि ती पुन्हा त्या सीटवर जाऊन बसेल, या भीतीने माझी झोप उडाली होती. म्हणूनच दर रविवारी मी मदतीच्या नावाखाली शेडवर यायचे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे वजनकाटा आणि स्टॉपवॉच माझ्याकडे असतंच.

त्या रविवारी साच्याला मेण लावून झालं होतं. काळा थर वाळला होता, काचेच्या धाग्यांचे दोन थर बसले होते, शेवटचा एक राहिला होता. आई खुर्चीवर बसून मांडीवरच्या डब्यातले स्क्रू निवडत होती. तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर रेझिनने भरलेला प्लास्टिकचा मग होता.

थर्ड थर कापायला वळला. हार्डनरच्या बाटलीचं झाकण बंद दिसलं, म्हणजे अजून घातलेलं नाही असं मी धरलं. मी वजन करून हार्डनर मगात घातलं, ढवळलं, स्टॉपवॉच चालू केलं आणि त्याला थर पसरायला मदत करायला साच्याकडे गेले. कोपऱ्यात एक सुरकुती पडत होती. आम्ही दोघं पाठमोरे होऊन तिच्याशी झटत होतो.

"काय जळतंय गं?" आईने विचारलं.

मी वळले. रेझिनचा मग धुमसत होता. पांढरा धूर सरळ वर जात होता, मगाची कड मऊ होऊन कलली होती आणि आईचं कोपर तिथून वीतभरावर होतं. ती समोर, आमच्याकडे बघत होती.

मी तिची खुर्ची तिच्यासकट मागे ओढली. स्क्रू सांडले. थर्डने जाड हातमोज्यात मग उचलला आणि बाहेर वाळूच्या ढिगात नेऊन खुपसला. तो परत येईपर्यंत मी आईचा हात उलटसुलट करून पाहिला. कुठेही काही नव्हतं. एक लाल ठिपकासुद्धा नाही. मी खाली फरशीवरच बसले.

"पाच मिनिटं दहा सेकंद," स्टॉपवॉचकडे बघत मी म्हणाले. "असं व्हायला नको होतं. दीड टक्काच घातलं मी."

"मीही घातलं होतं," थर्ड म्हणाला.

"तू? कधी?"

"तुमच्या आधी. झाकणाने मोजून."

"मग मी घालताना बघितलं नाहीस?"

"बघितलं की. पण तुम्ही वजन करून घालत होतात. म्हटलं, काहीतरी शास्त्र असेल. तुम्हाला कोण विचारणार?"

मला रंग थोडा गडद वाटला होता हे मी कबूल केलं. नवीन डबा असेल असं समजून मी गप्प राहिले होते.

"वा! दोन शहाणे," आई म्हणाली. "एक मोजतोय, एक बघतोय, आणि तोंड उघडायची कुणाची तयारी नाही. एकमेकांचा मान राखता राखता शेड पेटवली असतीत."

थर्ड हसायला लागला. भीती उतरली की माणूस हसतं तसं, थांबता येत नाही असं. मग मीही हसले. आई मात्र स्टुलाकडे बघत होती. त्यासाठी तिला पूर्ण मान वळवावी लागली.

"किती वेळ धूर निघत होता?"

"एवढा धूर व्हायला मिनिटभर तरी लागलं असेल, बाई," थर्ड म्हणाला.

मी सात महिने जे बोलले नव्हते, ते फरशीवर बसल्या बसल्या सहज बोलून गेले. "तुला दिसला नाही, आई."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती वाकून स्क्रू वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, "पुन्हा कालवा. आणि या वेळी जे घालाल ते ओरडून सांगा."

"घातलं हो!" थर्ड बाजारात माल विकायला बसल्यासारखा ओरडला. मी हार्डनरची बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. तार चौदाव्या मिनिटाला तुटली.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. साच्याच्या कडेने थर्डने लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्या. फायबरग्लास साच्याला चिकटून बसलं तर दोन्ही फुकट जातात. दहा मिनिटं काही हललं नाही. मग आत कुठेतरी टक्क झालं, एक लांब करकर फिरत गेली आणि डॅशबोर्ड आपल्या आपण उचलला गेला. काळा, अखंड, चकचकीत. सुरकुती पडत होती तो कोपरासुद्धा नितळ होता. थर्डने त्याच्यावरून दोनदा हात फिरवला आणि शेवटी नुसताच "बरं झालं" म्हणाला.

गाडीत तो बसवायला दुपार गेली. अकरा स्क्रू, एकही भोक हुकलं नाही. आई येऊन तिच्या सीटवर बसली. खण उघडला, मिटला. छज्ज्याखालून बोट फिरवलं. थर्ड हातातलं फडकं पिळत उभा होता.

"बोला बाई. आता काय बदलायचंय? सांगून टाका, मी मनाची तयारी करून आलोय."

"काही नाही. छान झालाय."

"काहीच नाही?"

"अरे, काही नाही म्हटलं ना. मला नाव ठेवायला जागा सापडेना."

थर्डने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याला अडवताही येईना. "मग स्कूलचा बोर्ड पुसून ठेवतो, बाई! उद्यापासून क्लास?"

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो मी टपावर ठेवला आणि काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने दार लोटलं. पायाखालचा ब्रेक एकदा तळापर्यंत दाबून सोडला, मग एक पाय बाहेर, मग दुसरा. दाराला धरून ती आमच्यासमोर उभी राहिली. तिचे खांदे खाली आले होते. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला इतकी सैल उभी असलेली पाहिली नव्हती.

"क्लास नाही," ती म्हणाली. "मला कडेचं दिसत नाही रे, थर्ड. मी आता शिकवणार नाही, आणि चालवणारही नाही."