पाचवा पाय

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, शटर, ट्रकची मागची फळी, काय म्हणाल ते रंगवतो. आणि प्रत्येक कामात एक खोडी ठेवतो. औषधवाल्याच्या पाटीवर मी एक माशी काढली आहे. गेली चार वर्षं तो तिला फडक्याने हाकलतोय. मी समोर चहा पीत बघत बसतो. हात खाजतो, त्याला मी तरी काय करणार?

गेल्या सुट्टीत शाळेचा जिना रंगवायचं काम मिळालं. मिळालं म्हणजे माझ्या ताईने मिळवून दिलं. ती त्या शाळेत चित्रकला शिकवते. भिंतीवर डोंगर, झाडं, सूर्य आणि एक मोठा काळा घोडा काढला. शेवटच्या दुपारी घोड्याला पाचवा पाय लावला आणि घरी आलो. वाटलं, शाळा उघडली की पहिल्याच दिवशी बोंब होईल. महिने गेले, कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर मीही विसरलो.

मग एका शुक्रवारी ताई घरी आली. चपलाही न काढता म्हणाली, "उद्या शाळेत ये. इस्त्रीचा शर्ट घाल."

"कुणाचं लग्न?"

"माझा वर्ग काढून घेतायत. तिथे गणिताचा सराव घेणार, आणि चित्रकलेचे तासही त्यालाच. मोठ्या बाईंनी चर्चा ठेवली आहे, 'मुलांच्या शिक्षणात चित्रकलेचं स्थान'. दोन चित्रकार हवेत. एक मिळाला."

"आणि दुसरा?"

"चार जण नाही म्हणाले. पाचवा तू."

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईच्या वर्गात पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मात्र ताईच्या खुर्चीत. खरा चित्रकार दाढीवाला होता. बालमनाचा अवकाश, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, असं बरंच बोलला. छान बोलला, पण त्याची खुर्ची दर वाक्याला करकरत होती, त्यामुळे माझं निम्मं लक्ष तिच्याकडेच.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चित्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"तिसरीचा वर्ग. चाळीस मुलं. 'घोडा काढा' सांगितलं होतं. एकतीस घोड्यांना पाच पाय आहेत. उरलेल्या नऊ जणांनी पाय गवतात लपवलेत." त्यांनी ताईकडे बघितलं. "दोन वर्षं तुमच्याकडे शिकतायत. मुलांना चारपर्यंत मोजता येत नसेल, तर मला तास गणिताला द्यायला हवेत की नको, तुम्हीच सांगा."

ताईचा चेहरा उतरला. ती एकेक कागद उलटत राहिली.

दाढीवाला तिच्या मदतीला धावला. "पाचवा पाय ही गती आहे, मॅडम. मूल घोडा नाही, धावणं काढतंय."

मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. लहानपणी मी काच फोडायचो आणि मार ताई खायची. मी गप्प बसलो तर आजही तीच खाणार होती. बोललो तर शाळेचं काम कायमचं गेलं, आणि ताई घरी माझं काय करेल ते वेगळंच.

"गती वगैरे काही नाही," मी म्हटलं. "तो पाय मी काढलाय. जिन्यात. पोरांनी बघून काढलं."

ताईने माझ्याकडे जसं बघितलं ते मी लिहीत नाही.

सगळे जिन्यात गेलो. मोठ्या बाईंनी बोट लावून पाय मोजले. परत मोजले. दिवसातून दहादा त्या तिथून चढायच्या, ताईही चढायची. मला हसू यायला हवं होतं, शाळा उघडली तेव्हा याचीच तर वाट बघितली होती. आलं नाही.

"म्हणजे मुलांनी बघितलं आणि आपण नाही," ताई हळूच म्हणाली.

मोठ्या बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "बरं. म्हणजे नक्कल केली. नक्कल करायला तास कशाला हवा?"

ताई हातातले कागद चाळत होती. एका कागदावर थांबली. काळा घोडा, पण पाचवा पाय बारीक आणि तपकिरी.

"हे मुंगीचं."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. शनिवारी तिची आई उशिरा यायची, म्हणून ती खालच्या पायरीवर दप्तर घेऊन बसली होती. ताईने तिला वर बोलावलं.

"हा पाय कुणाचा गं?"

"पिल्लाचा. ते मागे लपलंय. ती घोडी आहे, बाई."

"कुणी सांगितलं तुला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. घोड्याला चार असतात. भिंतीवर पाच आहेत. एक उरला. तो कुणाचातरी असणारच ना?"

मोठ्या बाई मूळच्या गणिताच्या. त्या दोन पायऱ्या उतरून मुंगीच्या उंचीला आल्या. "मग पिल्लाचे बाकीचे तीन कुठे गेले?"

मुंगी ताईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचा एक पाय तेवढा बाहेर दिसत होता.

"असे," ती मागून म्हणाली.

मोठ्या बाईंनी तो एक पाय मोजला. मग ताईला म्हणाल्या, "वर्ग या वर्षी राहू दे तुमच्याकडे. तासही. परीक्षेनंतर पुन्हा बघू." आणि माझ्याकडे वळून, "पेंटर, सोमवारपर्यंत भिंत नीट करा. फुकट."

रविवारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेलो. ताई हाताची घडी घालून उभीच होती.

"पुसू?"

"पुसायला कुणी सांगितलंय? नीट करायला सांगितलंय."

मग ताईच्या वर्गातला तपकिरी रंग आणून पाय रंगवला आणि घोडीच्या पाठीमागून डोकावणारे दोन छोटे कान दाखवले. ताईने पाय मोजले, कान मोजले.

"आणखी काही केलंयस का या भिंतीवर?"

"नाही."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग सूर्यापासून सुरुवात करून एकेक झाड, एकेक पान बघत ती पायरी पायरीने खाली उतरू लागली. मी वर बसून ब्रश धूत राहिलो. तिला अजून अकरा पायऱ्या बाकी होत्या.