सातव्या नंबरचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे, मित्रांनो, पण मला बघून उठून उभं राहू नका. मला सलाम नाही, दांडी नाही, गाणं तर नाहीच नाही. केशरी आणि पांढऱ्या कापडाचे तीन चौकोन एकमेकांना शिवले की झालो मी तयार. माझ्या अंगावर काळ्या रंगात सात लिहिलंय आणि कोपऱ्याला एक छोटा चिमटा बांधलाय. ओरिएंटियरिंग म्हणून एक खेळ असतो. नकाशा आणि होकायंत्र घेऊन माळावर पळत सुटायचं, आणि नकाशावर जिथं गोल काढलेत तिथं टांगलेले झेंडे ओळीनं शोधायचे. झेंडा सापडला की त्याच्या चिमट्यानं आपल्या कार्डाला भोकं पाडायची. तो 'टक्' आवाज ऐकला की मला पोट भरल्यासारखं वाटायचं.

मला शिवलं मल्लव्वा बाईंनी. बाई मूळच्या जयसिंगपूरच्या, कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. शाळेच्या मांडवाचं उरलेलं कापड त्यांनी घरी आणलं आणि एका रविवारी पायमशीनवर आम्हा दहा भावंडांना जन्म दिला. माझी एक शिवण वाकडी गेली. "ऱ्हाऊ दे, माळावर कोण बघतंय!" म्हणाल्या आणि दोरा तोडला. आता एवढी मोठी बाई, उसवून परत शिवायला काय झालं होतं? पण जाऊ द्या.

कळंब्याच्या पुढचा सगळा माळ बाईंनी पायानं मोजून नकाशात उतरवला होता. उजवा पाय टेकला की एक. असे सहासष्ट झाले की शंभर मीटर. तरुणपणी शाळेच्या मैदानावर टेप लावून त्यांनी हा आकडा पक्का केला होता आणि त्यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास. आम्ही दहाजण त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत असायचो आणि बाई मोठ्यानं मोजत चालायच्या. कुठं बांधाच्या कडेला, कुठं विहिरीच्या काठाला आम्हाला टांगायच्या. दर वर्षी स्पर्धेला जिल्ह्याच्या गावागावांतून पोरं यायची, घामाघूम होऊन माझ्यापुढं उभी राहायची, टक्! परत जाताना म्हणायची, "बाईंचा नकाशा म्हंजे नाद न्हाई करायचा." मी कसला फुगायचो म्हणून सांगू!

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचे गुडघे धरले. सकाळी पलंगावरनं उतरायला पाच मिनिटं लागायची. डावा गुडघा जास्त त्रास द्यायचा. त्याला बाई आगाव म्हणायच्या. तेल चोळताना त्याला दम भरायच्या, "ऊठ रं आगावा, माळावर जायचं हाय." डॉक्टर म्हणाले होते, दुखलं तरी चालणं सोडू नका. बाईंना तर चालायला निमित्तच लागायचं नाही, वर्षभर नकाशा दुरुस्त करायचं काम असायचंच. ते काम होतं म्हणून त्या उठत होत्या, हे मला त्या पिशवीत बसून चांगलं कळत होतं.

त्यांचा मुलगा सोमेश कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्याला आईची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की तो ओरडायचा. डिसेंबरात बाई घसरून पडल्या तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, यंदाची स्पर्धा घे. काय चुकलं, कुठं पडलीस, तर पुढच्या वर्षापासनं घरात बसायचं. कबूल?"

"आणि नीट झाली तर?"

"तर मी तोंड उघडणार न्हाई."

"कबूल," बाई म्हणाल्या. "चुकतोय कशाला मी!" आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, हसू नका.

त्याच वर्षी माझी जागा गेली. ज्या आंब्याला मी बारा वर्षं टांगला जायचो तो कुणाच्या तरी प्लॉटच्या भिंतीत गेला. बाईंनी नवी जागा शोधली, जुन्या मुरमाच्या खणीत, खाली एका बाभळीला. रस्त्याखालच्या मोरीपासून तिथपर्यंत त्या मोजत गेल्या. एकशे अठ्ठ्याण्णव झाले. "म्हंजे तीनशे मीटर बरोबर," म्हणाल्या आणि नकाशावर गोल काढला.

मित्रांनो, तीनशे नव्हते. मला ठाऊक होतं. घराच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बाई सवयीनं पुटपुटत मोजायच्या. पूर्वी चाळीस व्हायचे. गेली दोन वर्षं पन्नास होत होते. आगाव गुडघ्यानं त्यांचं पाऊल आखूड केलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी पिशवीत तळमळत होतो. अहो बाई, एकदा परत टेप लावून बघा की! पण झेंड्याला कोण विचारतंय.

त्यांच्या शाळेतले उदयसिंह सर एकदा म्हणालेही, "बाई, नवीन जागा हाय, मी एकदा मोजून येतो."

"का? माझं पाऊल चुकतंय व्हय?"

"तसं न्हवं ओ..."

"मग बसा की गप." सर बसले गप. बाईंच्या पावलावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

स्पर्धेच्या सकाळी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. मी खणीत बाभळीला लटकून वाट बघत होतो. वर पोरांच्या पळण्याचा आवाज आला आणि पुढं निघून गेला. मग दुसरा. मग तिसरा. खणीत वाकून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण नकाशा सांगत होता की अजून साठ मीटर पुढं. पुढं नुसता उघडा माळ. बरीच पोरं कंटाळून आठव्या झेंड्याकडं गेली. मोना गेली नाही.

मोना म्हणजे बाईंच्या हाताखाली तयार झालेली तेरा वर्षांची पोरगी. बाईंनी तिला शिकवलं होतं, झेंडा दिसला नाही तर नकाशाला दोष द्यायचा नाही, मागं जाऊन परत मोजायचं. ती मोरीपर्यंत परत गेली. मोजत आली. परत गेली. तीन वेळा माझ्या डोक्यावरनं तिची पावलं गेली, दर वेळी जरा जास्त दमलेली. मी वाऱ्यावर फडफडायचा प्रयत्न केला. वाराच नव्हता, मित्रांनो.

दुपारी उदयसिंह सरांनी मला काढून आणलं. मंडपापाशी नुसता गोंधळ चालला होता. सातवा झेंडा कुणालाच सापडला नाही म्हणून शर्यत रद्द झाली होती. कुणीतरी पालक ओरडला, "म्हातारीला घरी बसवा की आता!" बाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांच्यापुढं मोना उभी होती, डोळे लाल करून.

"बाई, माझीच पावलं चुकली. तीनदा मोजलो, तीनदा चुकलो."

बाई सरांना म्हणाल्या, "टेप काढा." रस्त्याच्या कडेला शंभर मीटर टेप पसरला. बाई चालल्या, सगळ्यांदेखत, मोठ्यानं मोजत. सहासष्ट आले तेव्हा टेप अजून बराच उरला होता. तरी मोजणं थांबलं नाही. टेप संपला तेव्हा ब्याऐंशी झाले. मागं फिरून परत मोजलं. ब्याऐंशीच.

मग त्या मोनाकडं आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी बरोबर हायत, बाळ. माझी चुकली." एवढं म्हणून त्या रस्त्यावरच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. सोमेश गर्दीतनं पुढं आला आणि त्यानं धरून उठवलं. ठरल्याप्रमाणं बाई त्यानंतर माळावर गेल्या नाहीत.

आता आम्ही दहाजण त्यांच्या दारामागं खिळ्याला आहोत. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसतात. गुडघे आखडले ते आखडलेच, आता संडासापर्यंत जायलाही भिंत धरावी लागते. डॉक्टर रागावतात. आता सोमेशच विनवतो, "अव्वा, चल की, निदान तळ्यापर्यंत तरी." बाई विचारतात, "कशाला? काय काम हाय माझं तिकडं?"  ब्याऐंशी तर ब्याऐंशी, बाई, त्या हिशेबानं नवा नकाशा काढता आला असता! हे त्यांना कुणी म्हणालंच नाही. मोना येते, बसते, चहा पिऊन जाते. तिलाही बोलायचा धीर होत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी दुखत्या पायानं अजून आपलं काम धरून उभं असेल, तर त्याला बसवू नका आणि त्याच्यापुढं गप्पही बसू नका. त्याच्या शेजारनं चाला. पाऊल आखूड झालं असेल तर वेळेवर, मायेनं, तोंडावर सांगा. राग आला तर येऊ दे, तो उतरतो. मी सगळं बघत होतो आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.