कौमचा रकाना

भीमा गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि कागद पुन्हा उन्हाकडे धरला. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता आणि त्याला उंदराच्या लेंड्यांचा वास येत होता. हणमंतराव पाटलांच्या ओसरीत सतरंजीवर अशा कागदांची तीन गाठोडी सोडून ठेवलेली होती.

"काय लिवलंय?" हणमंतरावांनी चौथ्यांदा विचारलं.

"दम धरा की. अक्षर हाय का मुंग्यांची रांग, तेच कळंना."

कागद निजामाच्या काळातले, फसली सन तेराशे चाळीसचे, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या आसपासचे. पाटलांचे आजोबा शेषेराव गावचे माली, म्हणजे महसुली, पाटील होते, म्हणून गावच्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची नक्कल त्यांच्या माळ्यावर पडून राहिली होती. सगळं उर्दूत. आता कुणबी नोंद शोधायची टूम निघाली, तसे हणमंतराव शिडी लावून माळ्यावर चढले. गाठोडी खाली आली, पण वाचणार कोण? नांदेडचा वाचणारा फोनही उचलत नव्हता. गावात उर्दू येणारा एकच माणूस उरला होता. लहानपणी मौलवींच्या शाळेत पडवीत बसून अलिफ-बे गिरवलेले, सत्त्याऐंशी वर्षांचे भीमा गुरुजी.

आणि याच गुरुजींशी हणमंतराव गेली वीस वर्षं बसस्टँडच्या हॉटेलात भांडत आले होते. "पेन्शन तुमाला, सवलत बी तुमालाच. माज्या पाच एकरातल्या सोयाबीनला कोण पुसतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "सवलत गरिबीची न्हाई पाटील, हिरीवर पाणी भरू दिलं न्हाई त्याची हाय," हे गुरुजींचं. मग दोघेही चहा पिऊन आपापल्या वाटेने जात. गुरुजी आपल्या कपाचे पैसे स्वतःच देत.

आता गरज दोघांनाही होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे दोघेही अडलेले, त्यामुळे हरी कोण आणि गाढव कोण, हे ठरवण्यात गावाची दोन दिवस चांगली करमणूक झाली होती.

गुरुजींची नात बुद्धप्रिया शेजारी वही घेऊन बसली होती. लातूरला दोन वर्षं राहून तिने मेडिकलपुरते मार्क आणले होते. पण जात पडताळणीत घोडं अडलं. समितीने पन्नास सालाआधीचा पुरावा मागितला होता. गुरुजी लहानपणी शिकले त्या शाळेचं दप्तर पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जळलेलं. राहिला मुलाचा, आनंदराजचा शाळेतला प्रवेश. तो तर गुरुजींनी स्वतःच्या हाताने रजिस्टरात चढवला होता. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं आणि जातीच्या रकान्यात ठसठशीत रेघ मारली. दीक्षा घेतल्यावर जात कसली? त्या रेघेचा त्यांना केवढा अभिमान होता! आनंदराज खताच्या कंपनीत लागला, त्याला कधी दाखल्याची गरज पडली नाही. आता तीच रेघ नातीला आडवी आली होती. सोमवारपर्यंत पुरावा गेला नाही, तर हातची जागा जाणार होती.

"आबा, तुम्ही जेवला नाहीत अजून," बुद्धप्रिया म्हणाली.

"जेवू की."

ते जेवणार नव्हते. पोरीचं वर्ष आपल्या हाताने बुडालं, हे आठ दिवस त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. लखमा वल्द सटवा, म्हणजे सटव्याचा मुलगा लखमा. गुरुजींचे वडील. उमर सव्वीस. पुढे कौम, म्हणजे जात. तिथे तो शब्द होता, जो गुरुजींनी छप्पन सालानंतर स्वतःसाठी कधी उच्चारला नव्हता. महार. आपण टाकून दिलेल्या शब्दापाशीच आपला बाप इतकी वर्षं उभा होता.

बुद्धप्रियाने बोट पाहिलं, आजोबांचा चेहरा पाहिला आणि वही छातीशी धरली.

"घावलं काय?" हणमंतराव पुढे सरकले. "आमचं?"

त्याच पानावर अगदी वर पहिलीच नोंद शेषेराव पाटलांची होती. गुरुजींनी ती दोनदा वाचली. मग कागद मांडीवर ठेवला. पाटलांची अट ते विसरले नव्हते. आधी आमचं बघा, मंग तुमचं. कागद पाटलांच्या घरचा. मर्जी फिरली आणि त्यांनी गाठोडं बांधून पुन्हा माळ्यावर टाकलं, तर कोण काय करणार होतं? 'कुणबी हाय' म्हटलं असतं, तर पाटलांनी आत्ता पेढे मागवले असते. सोमवारचं कामही निभावलं असतं.

"शेषेराव वल्द बापूराव. पाटील," गुरुजींनी वाचलं. "कौमचा रकाना मोकळा हाय. नुसती रेघ."

"रेघ?"

"रेघ."

हणमंतरावांचा चेहरा उतरला. "खरं सांगून राहिलाव का गुरुजी? का तुमचं घावलं म्हणून—"

"दाखवा कुनालाबी. पाटलाला त्याच्याच ओसरीत जात कोन इचारणार? लिहिणाऱ्यानं भीत भीत रेघ मारली असंल." गुरुजींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "मी आनंदराजच्या नावापुढं मारली, तशीच. निस्ती कारणं येगळी."

हणमंतरावांची नात साक्षी आतून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तीही लातूरलाच शिकत होती, एक वर्ष मागे. या कागदावर तिचंही पुढचं वर्ष टांगलेलं होतं.

"शेवटचा रकाना कशाचा आहे?" बुद्धप्रियाने हळूच विचारलं. "सगळ्यांपुढं एकच शब्द दिसतोय."

गुरुजींनी डोळे बारीक केले. "ना-ख्वांदा. म्हंजी अडाणी. लिहिता-वाचता न येणारा."

"तुमचे वडील?" हणमंतराव म्हणाले.

"हाव."

"आन् आमचे आजोबा?"

"ते बी."

हणमंतराव कागदावर वाकले. "गावचा पाटील, आन् अडाणी?"

"तसंच लिवलंय. अंगठा हाय खाली."

साक्षीला हसू आवरलं नाही. कपबशा खडखडल्या. तिचं पाहून बुद्धप्रियाही हसली, आणि मग हणमंतरावांनाही राहवेना. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ते नुसते हसण्याने ओले झाले नव्हते, हे गुरुजींना दिसत होतं.

चहा झाला. हणमंतरावांनी पान उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मग ते बुद्धप्रियापुढे धरलं.

"घेऊन जा पोरी. झेरॉक्स चालत न्हाई तिथं."

"पण यात तुमचंही—" ती म्हणाली.

"आमच्या रकान्यात काय हाय? रेघ. तुमच्या रकान्यात हाय, ते तुमी न्या." मग गुरुजींकडे न बघता म्हणाले, "अजून दोन गाठोडी राहिलीत. ती वाचाल का?"

"वाचीन की. साक्षीला बसवा संगट. डोळ्याचा आता भरवसा न्हाई, तिलाच शिकवतो."

सोमवारी नांदेडच्या कार्यालयात तिघे गेले. कागद ज्याच्याकडून मिळाला त्याचा जबाब लागतो, म्हणून हणमंतराव स्वतःहून जीपमध्ये बसले होते. टेबलामागच्या बाईंनी कागद भिंगाखाली धरला, उर्दू जाणणाऱ्या सहकाऱ्याला बोलावलं, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. "चांगला पुरावा आहे. आजच समितीपुढं ठेवते," त्या म्हणाल्या. बुद्धप्रियाने आजोबांचा हात घट्ट दाबला.

मग बाईंनी जबाबाचा फॉर्म ओढला. "तुमचं अर्जदाराशी नातं काय?"

हणमंतरावांनी डोक्यावरची टोपी चाचपली.

"शेजारी लिहू?"

"शेजारी कुठले? आमी गावाच्या ह्या टोकाला, हे त्या टोकाला." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तिच्या आज्याचा इद्यार्थी लिवा."

गुरुजींनी चमकून मान वळवली.

"सत्तर साली तुमी गावच्या शाळंवर आलाव, तवा मी पहिलीला हुतो, गुरुजी. पंधरा दिवस बसलो. मंग बापानं नाव काढलं आन् बिलोलीला घातलं."

का काढलं, ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुजींना ते ठाऊक होतं. त्या वर्षी तशी अकरा नावं निघाली होती. नावं त्यांना पाठ होती, पण पोरांचे चेहरे लक्षात राहायला पंधरा दिवस पुरले नव्हते.

"मग विद्यार्थी लिहू का?" बाईंनी विचारलं.

"लिवा."

फॉर्म फिरवून त्यांच्यापुढे आला. हणमंतरावांनी पेन घेतलं आणि घाईघाईने सहीची जागा शोधू लागले.

"हणमंता," गुरुजी म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी पाटलांना असं कधी म्हटलं नव्हतं. "सावकाश. अक्षर नीट काढ."