नववं दुकान

थोरल्या जावेला स्वतःचं दुकान हवं होतं. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत बसून तिनं चौदा वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या. आता कुणाचं तरी चालतं दुकान विकत घ्यायचं, असं तिच्या मनानं घेतलं. आठ महिन्यांत तिनं नऊ दुकानं पाहिली. एकटीला बोलायचा धीर होत नसे, म्हणून दर वेळी धाकट्या जावेला बरोबर नेलं.

वह्यांच्या दुकानात भिंतीला ओल होती. फुलांच्या दुकानात दिवसभर हात गार पाण्यात. बेकरीवाला इतका गोड बोलला, की तिला त्याचाच संशय आला.

नववं दुकान बॅगा दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्याला सुईत दोरा ओवणं जमेनासं झालं होतं. भिंतीवर रंगवार चेनी टांगलेल्या, खिडकीशी कातडं शिवायचं जाडजूड मशीन. थोरलीनं न विचारताच त्याचं चाक फिरवून पाहिलं.

"घेताय का?" म्हातारा म्हणाला.

"विचार करून सांगते."

विचार चार दिवस चालला. पाचव्या दिवशी फोन केला, तर म्हातारा म्हणाला, "अहो, तुमच्याच घरात गेलं की! तुमच्याबरोबर आलेल्या बाईंनी घेतलं."

संध्याकाळी धाकटी सांगायला आली. "ताई, तुम्ही काही बोललाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला नकोच."

"मला कसलं हवंय? छान झालं," थोरली म्हणाली आणि धाकटीच्या चहात साखर घालायची विसरली. मुद्दाम विसरली.

मग सुरू झाला जळफळाट. कामावर जाताना ती लांबची गल्ली धरू लागली. तरी बातम्या यायच्याच. नवरा जेवताना म्हणायचा, "काय गर्दी असते गं तिच्याकडे!" ती ताट उचलून उठायची.

एके दिवशी तिनं पक्कड घेतली, आपल्याच धडधाकट बॅगेची चेन उपटली आणि धाकटीच्या दुकानात गेली. तिला जमू नये, एवढीच इच्छा.

धाकटीनं चेन उजेडात धरली. "ताई, ही झिजलेली नाही. कुणीतरी पक्कडीनं ओढलीय."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धाकटीनं भिंतीवरून त्याच रंगाची चेन काढली. नवी चेन बसवली. टाका सरळ होता, अगदी थोरली घालते तसा.

"कुठं शिकलीस?"

"तुमच्या शेजारी बसून. आणि दुकानातलं मला काय कळतं, ताई? आठ ठिकाणी तुम्ही खोट काढलीत. इथं एकही नाही काढलीत. म्हणून तर घेतलं."

म्हणजे पसंतीसुद्धा माझीच! थोरली आभार न मानता बाहेर पडली आणि कोपऱ्यावर उभी राहून रागानं रडली.

तीन आठवड्यांनी तिच्या कानावर आलं, की बाजाराच्या टोकाला कपडे दुरुस्तीचं दुकान विकायला निघालंय. ती घरात कुणालाही न सांगता एकटीच गेली. छत ठेंगणं होतं, दरवाजा कुरकुरत होता. मालकीण म्हणाली, "सावकाश ठरवा."

"ठरलं," थोरली म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

चांगलं चाललं ते दुकान. पँटी, झगे, पडदे, हाताला उसंत नसे. धाकटी पहिल्याच आठवड्यात आली, कौतुकानं सगळीकडे हात फिरवून गेली. ती गेल्यावर थोरलीनं मोजपट्टी काढली आणि आपल्या खिडकीची रुंदी घेतली. धाकटीच्या खिडकीचं माप तिला पाठ होतं; त्यापेक्षा चार बोटं कमीच भरली.